कात्रीने बदललेला ऋतू

नंदुरबारचे असाल तर मिरचीच्या पथाऱ्या म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. थंडीत नाक झोंबलं की समजायचं, मिरची वाळतेय. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी अवकाळी आला आणि पथारीवरची लाल मिरची भिजली. त्याच दिवसांत निफाडच्या द्राक्षबागांवर गारा पडल्या. मिरची काय, द्राक्ष काय, दोघांची भिस्त कोरड्या हिवाळ्यावर. फरक एवढाच, की द्राक्षाला हिवाळ्यात आणतो तो शेतकरीच. कात्रीने!

ते कसं, बघा. फ्रान्समधली वेल थंडीत पानं गाळून झोपते आणि तिची द्राक्षं सप्टेंबरच्या सुमारास तोडतात. नाशिकला तेवढी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. तिचं तिच्यावर सोडलं तर घड पावसात सापडणार. म्हणून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. मग पाऊस ओसरताना फळछाटणी, तिच्यावर घड येतात. वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च.

आता जगाचा नकाशा काढा. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीतही तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलच असते. म्हणजे द्राक्षाच्या कॅलेंडरमध्ये नाशिक फ्रान्सपेक्षा बरोसाचं शेजारी! पण तिकडे द्राक्ष पिकतं ते उन्हाळा सरताना, आणि आपल्याकडे थंडी सरून ऊन चढताना. ऊन वाढलं की द्राक्षात साखर चढते, आंबटपणा उतरतो. नाशिकमध्ये तोडणी लांबली तर वाइन मिळमिळीत होते. त्यामुळे सोव्हिन्यों ब्लांसारख्या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाला जास्त थांबता येत नाही.

बरोसाची ओळख म्हणजे शिराझ. दाट, गडद, मसालेदार. तिथल्या काही वेली १८४३ मध्ये लावलेल्या आहेत आणि अजून फळ देतात! मुळं पोखरणारी फायलोक्सेरा ही कीड युरोपभर पसरली, पण बरोसात पोहोचलीच नाही. शेजारच्या उंचावरच्या ईडन व्हॅलीत हवा गार, तिथे रिझलिंग होते, लिंबासारखी तरतरीत. तेच शिराझ आज नाशिक-दिंडोरीतही लावतात. ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली २००० साली, म्हणजे नाशिकची वाइन साधारण आपल्याच वयाची.

जाता जाता एक गंमत. वाइनचं द्राक्ष खाल्लंत तर हिरमोड होईल. लहान दाणा, जाड साल, आत बिया. पण लाल वाइनचा रंग त्या सालीतूनच येतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकटच असतो. सालीसकट आंबवला की लाल वाइन, थोडाच वेळ सालीत ठेवला की गुलाबी रोझे.

आणि कात्रीचा खरा जुगार बघायचा असेल तर लांब जायला नको, आपल्या बाजूच्या बागलाणात जा. तिथे खायच्या द्राक्षाची छाटणी भर पावसाळ्यातच उरकतात, म्हणजे माल इतरांच्या आधी बाजारात आणि भाव चढा. ही ‘अर्ली’ द्राक्षं. परतीच्या पावसाने गाठलं तर मात्र मणी तडकतात. मिरचीवर निदान ताडपत्री ओढता येते. एकरभर बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालायचं तर लाखांचा हिशेब, म्हणून बहुतेक शेतकरी आभाळाकडे बघतच कात्री उचलतात.