जड धातू : जमिनीत किती आहेत, तितकेच कोणत्या रूपात आहेत हेही महत्त्वाचे

शहरालगत भाजीपाला घेणारे अनेक शेतकरी नाल्याचे पाणी किंवा शहरी कचऱ्यापासून तयार केलेले कंपोस्ट वापरतात. त्यातून पिकाला नत्र, स्फुरद मिळते. पण सोबत कॅडमियम, शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातूही शेतात येऊ शकतात. सेंद्रिय पदार्थ कुजतात, धातू कुजत नाहीत. ते वरच्या थरात साठत राहतात.

साठा कसा वाढतो?
खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये प्रति किलो कॅडमियम ५ मि.ग्रॅ. आणि शिसे १०० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त नसावे. कॅडमियम या कमाल मर्यादेइतके असलेले कंपोस्ट एकरी ५ टन टाकले, तर २५ ग्रॅम कॅडमियम शेतात जाते. एकरभर जमिनीच्या १५ सें.मी. थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. म्हणजे १० वर्षांत प्रति किलो मातीत सुमारे ०.३ मि.ग्रॅ. भर पडते. दूषित नसलेल्या बहुतेक जमिनींत कॅडमियम १ मि.ग्रॅ.पेक्षा कमी असते, हे पाहता ही वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

सामूचा परिणाम
पिकाची मुळे फक्त विद्राव्य धातू शोषतात. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असतो. तेथे कॅडमियम, शिसे हे चिकणमाती व कार्बोनेटला घट्ट बांधले जातात. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तितकेच कॅडमियम अधिक विरघळते आणि पिकात जास्त जाते.

प्रत्येक धातूचे वागणे वेगळे
- कॅडमियम : रासायनिकदृष्ट्या जस्तासारखे. जमिनीत जस्ताची कमतरता असल्यास त्याचे शोषण वाढू शकते. क्लोराइडयुक्त खारे पाणीही ते मोकळे करते. पानाच्या आत गेलेले कॅडमियम धुऊन निघत नाही.
- शिसे : मुळांतून फारसे वर चढत नाही. मुख्य धोका पानांवर बसणारी धूळ आणि कंदांना चिकटलेल्या मातीचा असतो. स्वच्छ पाण्याने धुतल्यास तो बराच कमी होतो.
- क्रोमियम : त्रिसंयुजी रूप जवळजवळ अविद्राव्य, तर षट्संयुजी रूप विषारी असून पाण्यासोबत वाहते. सामू जास्त असला तरी ते बांधले जात नाही.

काय करावे?
- कंपोस्ट घेताना जड धातूंचा तपासणी अहवाल मागावा. न वर्गीकरण केलेला कचरा शेतात टाकू नये.
- कारखान्याचे सांडपाणी मिसळणाऱ्या नाल्याचे पाणी भाजीपाल्याला देऊ नये.
- माती नमुना प्लॅस्टिक किंवा लाकडी साधनाने घ्यावा. लोखंडी व जस्ताचा मुलामा दिलेली भांडी टाळावीत. एकूण आणि डीटीपीए विद्राव्य, असे दोन्ही प्रमाण तपासून घ्यावे.
- आम्ल जमिनीत माती परीक्षणानुसार चुना द्यावा. चुनखडीयुक्त जमिनीत त्याची गरज नाही.
- जस्ताची कमतरता आढळल्यास शिफारशीनुसार झिंक सल्फेट द्यावे. चांगले कुजलेले शेणखत नियमित वापरावे.
- शंका असलेल्या शेतात पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा घेऊ नये. पालेभाज्यांच्या तुलनेत फळभाज्यांच्या फळांत धातू कमी साठतात. कापूस, फुलशेती हे अधिक सुरक्षित पर्याय आहेत.

एकदा साठलेला धातू जमिनीतून काढणे अतिशय अवघड व खर्चिक असते. त्यामुळे तो शेताच्या बांधावरच थांबवणे हाच खरा उपाय आहे.