शटर खाली, डोळे उघडे

स्पेनमधले बहुसंख्य लोक दुपारी झोपत नाहीत. काही वर्षांपूर्वी तिथे झालेल्या एका पाहणीत जवळजवळ 60 टक्के लोकांनी आपण दुपारी कधीच झोपत नसल्याचे सांगितले. तरीही ‘सिएस्ता’ म्हटले की भिंतीला टेकून, तोंडावर टोपी ओढून पेंगणारा माणूसच आपल्या डोळ्यांपुढे येतो. त्याची ती रुंद काठाची टोपीसुद्धा मेक्सिकोची, स्पेनची नव्हे.

घोटाळा होतो तो शटरमुळे. स्पेनच्या लहान गावांत दुपारी 2 ते 5 दुकाने बंद असतात. बाहेरून आलेला पाहुणा बंद शटर बघतो आणि त्यामागे सगळे घोरत पडले असणार असे धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे अनेकांचा कामाचा दिवसच दोन तुकड्यांत मोडलेला असतो: सकाळी 9 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 8. मधल्या वेळात जेवण, आणि जेवणानंतर ताटे बाजूला सारून रंगणाऱ्या गप्पा. या गप्पांना स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ असे खास नाव आहे. माद्रिदसारख्या शहरात तर घर तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे तेवढ्यासाठी घरी जाऊन आडवे होणे परवडत नाही. माणूस तीन तास कुठेतरी काढतो, पुन्हा कामावर जातो, नऊला घरी पोचतो, दहाला जेवतो आणि मध्यरात्रीनंतर झोपतो. आळशी म्हणून बदनाम झालेला हा स्पॅनिश कामगार ‘ओईसीडी’ या विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत जर्मन कामगारापेक्षा वर्षाला कितीतरी जास्त तास राबतो. 2016 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मारियानो राहोय यांनी कामाचा दिवस संध्याकाळी 6 ला संपावा अशी कल्पना मांडली, तर परदेशी वृत्तपत्रांनी मथळे दिले की स्पेन आता सिएस्ता बंद करणार! झोपेचा तिथे काही संबंधच नव्हता.

यात घड्याळाचीही एक गंमत आहे. नकाशावर स्पेन ब्रिटनच्या सरळ खाली येतो, पण 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत तिथली घड्याळे एक तास पुढे सरकवून जर्मनीच्या वेळेला जोडली गेली. दुसरे महायुद्ध संपले, फ्रँको गेला, घड्याळे मात्र तशीच राहिली. त्यावर उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. परिणामी जुलैमध्ये माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमारास. ‘स्पॅनिश लोक दोन-अडीचला जेवतात’ हे आपल्याला उशिराचे वाटते, पण सूर्याच्या हिशेबाने ते बाराचेच जेवण झाले.

आता खुद्द शब्दाकडे. ‘सिएस्ता’ म्हणजे झोप, हा दुसरा पक्का समज. मुळात तो लॅटिन ‘सेक्स्ता’, म्हणजे सहावा तास. सहावा म्हणजे सहा वाजताचा नव्हे. रोमन लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत, त्यामुळे सहावा तास संपला की माध्यान्ह. आपण हेच गणित वेगळ्या मापाने केले. दिवसाचे प्रहर चार, सूर्योदयापासून दोन प्रहर झाले की ‘दुपार’. दोन प्रहर म्हणजे सहा तास! रोमन माणसाने तास मोजले, आपण प्रहर मोजले, आणि दोघांनी एकाच क्षणाला नाव दिले. फरक एवढाच की स्पेनमध्ये त्या वेळेचे नाव हळूहळू त्या वेळी घेतलेल्या विश्रांतीला चिकटले, आपल्याकडे ते वेळेचेच राहिले.

त्या विश्रांतीला शिस्तीचे रूप दिले ते ख्रिस्ती मठांनी. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत उन्हाळ्याच्या दिवसांसाठी सांगितले आहे, की सहाव्या तासानंतर जेवून उठलेल्या साधूंनी आपापल्या खाटेवर मुकाट्याने पडावे. कोणाला वाचायचे असेल तर दुसऱ्याला त्रास होणार नाही असे वाचावे. हे साधू रात्री प्रार्थनेसाठी उठत आणि दिवसा शेतात राबत. दुपारची झोप हा त्यांच्या चैनीचा नव्हे, वेळापत्रकाचा भाग होता.

पोर्तुगीजांची ‘सेस्ता’ याच शब्दाची बहीण. गोव्यात मात्र जगभर गाजला तो वेगळाच शब्द: सुशेगाद. पोर्तुगीज ‘सोसेगादो’ म्हणजे शांत, निवांत. जाहिरातवाल्यांनी त्याचा अर्थ आळस असा करून टीशर्टवर छापला, आणि गोयंकाराला तो अजूनही पुसावा लागतो आहे. जेवणाच्या वेळी दुकान बंद करून शीत-कडी खाऊन घटकाभर पडणारा माणूस सकाळी लवकर उठलेला असतो, ही गोष्ट पर्यटकाला दिसत नाही, कारण तेव्हा तो स्वतः झोपलेला असतो. 2021 मध्ये गोवा फॉरवर्ड पक्षाचे विजय सरदेसाई यांनी सत्ता आल्यास दुपारी 2 ते 4 अशी विश्रांती देण्याचे आश्वासनच देऊन टाकले होते. झोप हा निवडणुकीचा मुद्दा होऊ शकतो हे गोव्यातच शक्य आहे.

पुण्याच्या दुकानांवरच्या ‘1 ते 4 बंद’ या पाटीचीही कथा शटरचीच. तिच्यावर विनोद इतके झाले, की ती पाटी म्हणजे पुणेकरांच्या झोपेचे जाहीर प्रकटन असेच सगळे मानतात. घरच्याच माणसांनी चालवलेले, सकाळी लवकर उघडून रात्री उशिरा बंद होणारे दुकान मध्ये कधीतरी थांबणारच. चितळे बंधूंनी 2017 मध्ये दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले तेव्हा त्याची बातमी झाली. कुठले दुकान उघडे आहे याची बातमी होणे हासुद्धा पुणेरी प्रकारच.

ग्रीसमध्ये तर या वेळेला सरकारी संरक्षण आहे. उन्हाळ्यात दुपारी 3 ते 5:30 हे शांततेचे तास. त्या वेळात शेजारी ड्रिल चालवू लागला तर पोलिसांना बोलावता येते. पण नीट पाहा: नियम आवाजाबद्दल आहे. झोपा, असे कोणी सांगत नाही.

अशीच एक दंतकथा चीनबद्दल फिरते, की तिथल्या राज्यघटनेने दुपारच्या झोपेचा हक्क दिला आहे. 1982 च्या घटनेचे कलम 43 श्रमिकांना विश्रांतीचा हक्क देते. विश्रांतीचा, दुपारच्या झोपेचा उल्लेख त्यात नाही. शाळेतली मुले बाकावर डोके टेकून झोपतात, कचेऱ्यांत घडीच्या खाटा निघतात हे खरे, पण तो रिवाज आहे, कलम नव्हे. जपानी ‘इनेमुरी’चीही अशीच गल्लत होते. दुपारच्या झोपेला जपानीत ‘हिरुने’ म्हणतात. इनेमुरी म्हणजे बैठकीत, आगगाडीत, वर्गात हजर राहून लागलेली डुलकी. या विषयाच्या अभ्यासक ब्रिगिटे स्टेगर सांगतात की तिथे ती खपते, कारण माणूस कामाने थकला असा तिचा अर्थ घेतला जातो. आणि तरीही कोणी कुठे, कसे पेंगावे याचे अलिखित नियम असतात. बसल्या जागी, अंग आवरून. आडवे पसरलात तर ती इनेमुरी उरत नाही.

आता आपल्या घरचा सर्वात मोठा गैरसमज. ‘आयुर्वेदात वामकुक्षी सांगितली आहे’ असे म्हणत आपण दोन तास ताणून देतो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. सुश्रुतसंहितेतला सल्ला असा: जेवल्यावर अन्नाचा जडपणा उतरेपर्यंत राजासारखे बसावे, मग शंभर पावले चालावे आणि डाव्या कुशीवर पडावे. यात कूस सांगितली आहे. दोन तासांची गाढ झोप नाही. झोपेबद्दल चरक तर स्पष्टच बोलतो. ग्रीष्म ऋतू सोडला तर दिवसा झोपणे वर्ज्य, कारण त्याने कफ-पित्त वाढते. ग्रीष्मात चालते, कारण रात्री लहान असतात आणि शरीर कोरडे पडते. मग अपवादांची यादी येते, आणि ती वाचण्यासारखी आहे: म्हातारे, मुले, दुबळे, जखमी, रात्री जागलेले, ओझी वाहून किंवा वाट चालून थकलेले, गाण्याने आणि अभ्यासाने शिणलेले, शोकाने खचलेले. म्हणजे ज्याला खरोखर गरज आहे त्याला परवानगी. स्थूल माणसाला आणि रोज तूपकट खाणाऱ्याला मात्र साफ नकार. श्रीखंड-पुरीनंतर वामकुक्षीचा दाखला देणाऱ्यांनी हा भाग सहसा वाचलेला नसतो. बसल्या बसल्या पेंगण्याबद्दल मात्र जुने ग्रंथ बरेच सौम्य आहेत. डाव्या कुशीचे म्हणाल, तर त्या कुशीवर पोटातले आम्ल अन्ननलिकेत कमी चढते, हे आजच्या तपासण्यांतही दिसले आहे.

मराठी माणूस दुपारी झोपतो हे त्याच्या तोंडून तुम्हाला कधीच ऐकायला मिळणार नाही. तीन वाजता फोन करून विचारा, ‘झोपला होतात का?’ घोगऱ्या आवाजात उत्तर येईल, ‘छे छे, जरा पडलो होतो.’ पाठ टेकली होती, लवंडलो होतो, डोळा लागला होता, अंग टाकले होते. झोपलो मात्र नव्हतो. बंगाली माणूस या बाबतीत सरळ. तो भात जेवतो, झोपतो आणि त्या झोपेला ‘भातघूम’ म्हणतो.

भाताला दोष देण्यातही अर्धेच तथ्य आहे. दुपारची सुस्ती जेवणामुळे येते असा समज सार्वत्रिक आहे, पण जेवण न देता केलेल्या प्रयोगांतही दुपारी माणसांची तरतरी उतरलेली दिसली. शरीरातल्या घड्याळाचाच तो एक उतार आहे. भरपेट जेवण तो आणखी तीव्र करते, इतकेच. उन्हाला दोष देण्याचेही तसेच. मध्यान्हीची धास्ती थंड प्रदेशांतही आहे: स्लाव लोककथांत भर दुपारी शेतात राबणाऱ्याला गाठणारी ‘पोलुद्नित्सा’ आहे, तर तिकडे पॅराग्वेत दुपारी न झोपणाऱ्या पोरांना पळवणारा ‘जासी जातेरे’. आया जगभर सारख्याच.

उलट टोकाचा समजही आहे, की आदिम माणूस रोज दुपारी झोपत असे आणि कारखान्यांनी ती सवय मोडली. 2015 मध्ये टांझानियातले हादझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले चिमाने यांच्या झोपेची मोजणी प्रसिद्ध झाली. वीज नसलेले हे लोक हिवाळ्यात 7 टक्क्यांहून कमी आणि उन्हाळ्यात फार तर 22 टक्के दिवसांत दुपारी झोपत होते.

राहिला प्रश्न तब्येतीचा. ग्रीसमध्ये 23,000 हून अधिक लोकांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित दुपारी झोपणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू 37 टक्के कमी आढळले. तो आकडा दाखवून झोपणारे पुष्कळ आहेत. पण इतर अभ्यासांत तासाभरापेक्षा लांब झोपेचा संबंध जास्त आजारांशी दिसला आहे, आणि झोपेमुळे आजार की आजारामुळे झोप, हे अशा अभ्यासांतून सांगता येत नाही. छोट्या डुलकीबद्दल मतभेद कमी. नासाने पॅसिफिकवरच्या लांब उड्डाणांत वैमानिकांना 40 मिनिटे विश्रांती दिली, तेव्हा ते सरासरी 26 मिनिटे झोपले आणि उरलेल्या प्रवासात अधिक सावध राहिले. झोप याहून लांबली की माणूस गाढ झोपेत शिरतो आणि त्यातून उठल्यावर अर्धा तास डोके जड राहते. ‘दुपारी झोपलो की उलट वाईटच वाटते’ ही तक्रार बहुधा यातूनच येते. पूर्वी दुपारी झोप लागत नव्हती आणि आता रोज तास-दीड तास लागते, असे होऊ लागले, तर मात्र दुपारपेक्षा रात्रीकडे पाहावे. घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर रात्रभर पडूनही झोप पुरत नाही, आणि डॉक्टर त्याची तपासणी करू शकतात.