उषेचे स्वप्न आणि गौरीचा वर

चैत्र शुद्ध तृतीयेस आपल्या घरोघरी झोपाळ्यात विराजमान झालेली गौर महिनाभराचे माहेरपण उपभोगून अक्षय्य तृतीयेस निरोप घेते. या महिन्यात कोणत्या ना कोणत्या दुपारी तिचे हळदीकुंकू होते. अंगणात चैत्रांगण रेखाटले जाते. आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांनी सुवासिनींचे आतिथ्य होते. गौरीपुढे कुमारिका हात जोडून उभी राहिली की, घरातील वडीलधारी बाई हसून म्हणते, ‘माग हो, मनासारखा वर माग.’ ते ‘मनासारखा’ म्हणजे नेमके कोणाच्या मनासारखा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

याच गौरीने एका असुरकन्येला दिलेल्या वराची कथा विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशात आणि हरिवंशात आली आहे. बाणासुराची कन्या उषा हिने शिवपार्वतींना क्रीडा करताना पाहिले आणि आपल्यालाही असे सौख्य लाभावे, अशी अभिलाषा तिच्या मनात उत्पन्न झाली. ती तोंडाने काही बोलली नाही. परंतु गौरीने तिचे मन जाणले. तुझाही पती तुला भेटेल, असे आश्वासन देवीने दिले. कधी आणि कोण, या मनातल्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. वैशाख शुद्ध द्वादशीच्या रात्री जो स्वप्नात येईल, तोच तुझा भर्ता. म्हणजे आपली गौर अक्षय्य तृतीयेस उठली की त्यानंतर नवव्या दिवशी येणारी ती तिथी. कुमारिकेच्या मनातील इच्छेबद्दल देवीने तिला दटावले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भागवताच्या दशमस्कंधातील बासष्टावा आणि त्रेसष्टावा, असे दोन अध्याय या आख्यानाला दिलेले आहेत. तेथे गौरीच्या वराचा उल्लेख नाही. कथा थेट स्वप्नापासून सुरू होते. दशमस्कंधाचे वाचन चालू असता हे अध्याय आले की, काही घरांत मुलीबाळींसमोर ते भराभर उरकले जातात. स्वप्नातला प्रियकर, अंतःपुरात चोरून आणलेला राजपुत्र, पित्याच्या अपरोक्ष घडलेला सहवास, हे सर्व ऐकवायचे कसे, असा संकोच त्यामागे असतो. तो समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे पुराणवाङ्मयातील एका अत्यंत मधुर आणि तितक्याच गंभीर कथेला आपण मुकतो, असे आम्हांस वाटते.

आरंभी बाणाविषयी. प्रल्हादाचा पुत्र विरोचन, विरोचनाचा बळी आणि बळीच्या शंभर पुत्रांतील ज्येष्ठ तो बाण. भक्तीचा वारसा घरातच होता. शंकर तांडव करीत असता याने आपल्या सहस्र बाहूंनी वाद्ये वाजवून त्यांना प्रसन्न केले आणि आपल्या शोणितपुराचे रक्षण प्रत्यक्ष शिवाकडून मागून घेतले. येथवर सारे ठीक होते. पुढे या बाहूंची त्याला खाज सुटली. लढायला जोडीचा कोणी मिळत नाही, अशी कुरकुर त्याने आराध्यदैवतापाशीच केली. शंकर संतापून म्हणाले, ‘तुझा ध्वज आपोआप मोडून पडेल, त्या दिवशी तुझा गर्व उतरविणारा येईल.’ हा मूर्ख आनंदाने घरी जाऊन ध्वजाकडे डोळे लावून बसला! वैरी सैन्य घेऊन वेशीवर येईल, अशी त्याची कल्पना होती. तो आला मुलीच्या स्वप्नातून.

उषा त्या रात्री दचकून जागी झाली आणि ‘प्रिया, कोठे गेलास?’ असे म्हणत सख्यांच्या मध्ये व्याकूळ होऊन उठली. कधी पाहिलेला नाही, कधी ऐकलेला नाही, अशा पुरुषासाठी ती विव्हल झाली होती. नाव ठाऊक नाही, कुल ठाऊक नाही. सावळा वर्ण, कमळासारखे नेत्र, पीतांबर आणि दीर्घ बाहू एवढेच तिला सांगता येत होते.

येथे कथेत चित्रलेखा येते. आणि आमच्या मते या आख्यानाचा खरा प्राण तीच आहे. भागवतात ती बाणाच्या कुंभांड नामक मंत्र्याची कन्या. सखीची थट्टा करीत ती प्रथम विचारते की, तुझे लग्न तर झालेले नाही, मग हा प्रिय कोण? पण थट्टा तेवढ्यावर थांबवून ती हाती लेखणी घेते. त्रैलोक्यात कोठेही असेल तर तुझ्या चित्तचोराला आणीन, मात्र तू ओळखून दाखव, असे सांगून ती चित्रे काढू लागते. आधी देव, मग गंधर्व, सिद्ध, चारण, नाग, दैत्य, विद्याधर, यक्ष आणि शेवटी मनुष्य. मनुष्यांत वृष्णिकुलातील शूरसेन, वसुदेव, बलराम, श्रीकृष्ण असा क्रम येतो. प्रद्युम्नाचे चित्र पाहताच उषा लाजते, कारण तो भावी श्वशुर. त्यानंतर अनिरुद्धाचे चित्र पुढे येते.

या क्षणी दोन पुराणे दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही मनोहर आहेत. भागवतातील उषा लज्जेने मान खाली घालते आणि मंद हसत ‘हाच तो, हाच तो’ एवढेच म्हणते. विष्णुपुराणातील उषा श्रीकृष्ण आणि प्रद्युम्न यांच्या चित्रांपाशी संकोचते. परंतु अनिरुद्ध दिसताच तिची लज्जा कोठल्या कोठे निघून जाते. ज्यांच्या घरी उपवर कन्या आहे त्यांनी हे दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचावेत. एकीची मान खाली गेली, दुसरीची वर आली. दोघींचे उत्तर एकच.

आजचे वाचक अद्भुत आणि ऐतिहासिक प्रेमकथांत रमतात ते का, याचे उत्तर या चित्रांच्या ओळीत सापडते. काळ दूरचा, नायक देवकुळातला, मार्ग मनुष्याला अशक्य. पण मनातली ओळख मात्र आपल्या ओळखीची. पुरूरवा आणि उर्वशी यांची कथा याहून प्राचीन, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांचा संवाद आहे. पण तेथे अप्सरा निघून जाते आणि राजा मागे आक्रोश करीत राहतो. उषेच्या कथेत अद्भुत हे दुरावा निर्माण करण्यासाठी येत नाही, दोघांतील अंतर मिटविण्यासाठी येते. शोणितपूर ते द्वारका हा पल्ला चित्रलेखा योगसामर्थ्याने आकाशमार्गे ओलांडते आणि पलंगावर निजलेल्या अनिरुद्धाला उचलून सखीपुढे आणून ठेवते.

म्हणूनच ‘उषाहरण’ हे रूढ नाव आम्हांस थोडे गमतीचे वाटते. हरण उषेचे झालेच नाही. झाले ते अनिरुद्धाचे. आसामी कवींनी याला ‘कुमारहरण’ म्हटले, ते अधिक यथार्थ होय. तीन पिढ्यांचा क्रम लावून पाहिला तर मौज कळते. आजोबा श्रीकृष्णाने विदर्भातील कुंडिनपुराहून रुक्मिणीचे हरण केले, तेही तिचेच पत्र आल्यावर. पिता प्रद्युम्न बालपणीच शंबरासुराने पळविला आणि त्याला तेथे वाढविणारी मायावती हीच पूर्वजन्मीची रती निघाली. नातू तर झोपेतच नेला गेला. यादवांच्या घरी शौर्याची वाण नव्हती. पण विवाहांत पुढाकार बहुधा स्त्रियांनीच घेतलेला दिसतो.

प्रद्युम्न म्हणजे पुन्हा जन्मास आलेला मदन. ज्या मदनाला शंकरांनी तृतीय नेत्राने भस्म केले, त्याचाच पुत्र शंकरांच्या पहाऱ्यातील नगरात शिरतो आणि तोही पार्वतीच्या वरदानाने. पुराणकारांनी हे कोठे बोलून दाखविलेले नाही; जाणत्याने ओळखावे, अशी त्यांची रीत आहे.

अनिरुद्धाचा हा पहिला विवाह नव्हे, हेही सांगितले पाहिजे. रुक्मीची नात रोचना हिच्याशी त्याचे लग्न विदर्भातील भोजकट नगरीत झाले होते. या भोजकटाचे नाव वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटातही आढळते. त्या लग्नात द्यूताचा डाव मांडला गेला, कपट झाले आणि बलरामाने रुक्मीला तेथेच ठार केले. यादवकुलाच्या संहारानंतर वंश ज्याच्यापासून पुढे चालला तो वज्र या रोचनेचाच पुत्र. अनिरुद्ध शोणितपुरी असता रोचनेचे दिवस कसे गेले, याविषयी व्यास मौन पाळतात. आजच्या वाचकाला, विशेषतः वाचिकेला, ते मौन खुपेल, आणि खुपावे.

योगायोग असा की, शोणितपुरातही फासेच पुढे येतात. पहारेकऱ्यांनी संशय येऊन राजाला कळविले, बाण कन्यागृहात धावत गेला, तो अनिरुद्ध उषेबरोबर सारीपाट खेळत बसलेला. परिघ हाती घेऊन त्या एकट्याने सैनिकांना पिटाळले. पण बाणाने त्याला नागपाशाने बांधले. उषा रडू लागली. द्वारकेत नातवाचा पत्ता नाही म्हणून पावसाळ्याचे चार महिने शोक चालला होता. अखेर नारदांनी वार्ता दिली आणि बारा अक्षौहिणी सेना शोणितपुरास वेढा घालून बसली.

युद्धाचे वर्णन विस्ताराने करण्याचे कारण नाही. भक्ताला दिलेल्या वचनासाठी शंकर स्वतः श्रीकृष्णासमोर उभे राहिले, जृंभणास्त्राने त्यांना जांभया आल्या, शिवाच्या ज्वराला विष्णूच्या ज्वराने जेरीस आणले. बाणाची माता कोटरा मुलाचे प्राण वाचविण्यासाठी केस मोकळे सोडून विवस्त्र रणात उभी राहिली, तेव्हा भगवंतांनी मुख फिरविले. सहस्र बाहू तोडले जात असता शंकरांनीच भक्तासाठी अभय मागितले. श्रीकृष्णांनी उत्तर दिले की, प्रल्हादाच्या वंशजाला मारणार नाही असे माझे वचन आहे. भागवताप्रमाणे चार बाहू राखले गेले आणि बाण अजरामर होऊन शिवाचा पार्षद झाला. विष्णुपुराणात भगवान शंकरांना म्हणतात की, तुम्ही माझ्याहून वेगळे नाही. भेद पाहतात ते अविद्येने मोहित झालेले. शैव-वैष्णवांच्या ऐक्याचे हे एवढे मोठे वचन एका मुलीच्या स्वप्नाच्या निमित्ताने उच्चारले गेले.

बाणाकडे पाहताना मात्र दुष्ट असुर एवढीच नजर ठेवू नये. शिवपूजक, दाता, मुलीवर माया करणारा पिता होता तो. मुलीच्या रक्षणासाठी पहारे होते, तट होते, स्वतः महादेव द्वारी होते. एक गोष्ट त्याने केली नाही. मुलीला काय हवे ते विचारले नाही. गौरीने न विचारता जे ओळखले, ते त्याला सहस्र बाहू गळून पडेपर्यंत कळले नाही. त्यानंतर त्यानेच कन्या आणि जामात यांना रथात बसवून श्रीकृष्णांच्या हवाली केले.

ही कथा भारतभर रुजली आहे. गुजरातेत सतराव्या शतकातील कवी प्रेमानंदाचे ‘ओखाहरण’ चैत्र महिन्यातच वाचण्याची प्रथा आहे. ओखा म्हणजे उषाच. तेथे ती पूर्वजन्मीची पार्वतीची कन्या. मिठाच्या कोठीत लपल्यामुळे शापित होऊन असुरगृही जन्मलेली. त्यामुळे चैत्रात अळणी व्रत सांगितले जाते. हे वाचन तापावर गुणकारी, अशीही श्रद्धा आहे. ज्वरयुद्धाचे अध्याय स्मरणाऱ्यास ज्वरभय नाही, या भागवतातील वराचा तो धागा असावा. कवी प्रेमानंद वडोद्याचा, आणि त्या शहरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना ओखाहरण परके नाही. आसामात तेजपूर हेच शोणितपूर मानतात. आसामीत ‘तेज’ म्हणजे रक्त. ब्रह्मपुत्रेकाठची अग्निगड टेकडी उषेचे निवासस्थान म्हणून दाखवितात. भोवती अग्नीचे वलय ठेवून पित्याने तिला तेथे ठेवले, अशी लोककथा आहे.

महाराष्ट्राचाही एक दुवा आहे, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात नृत्याची परंपरा सांगताना तो म्हणतो की, पार्वतीने लास्य शिकविले ते बाणकन्या उषेला. उषेने द्वारकेच्या गोपींना आणि त्यांनी सौराष्ट्रातील स्त्रियांना. देवगिरीचे यादव स्वतःला द्वारकेच्या यादवांचे वंशज म्हणवीत. त्यांच्या दरबारी हे लिहिले जावे, यात नवल नाही. म्हणजे उषा सासरी गेली ती रिकाम्या हाती नव्हे. गौरीने तिला वर दिला तसे नृत्यही दिले, आणि ते तिने सासरच्या अंगणात पेरले.

उत्तराखंडात रुद्रप्रयाग जिल्ह्यातील उखीमठ हे नाव उषामठावरून आले, असे तेथील लोक सांगतात. उषा-अनिरुद्धांचे लग्न येथेच लागले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. हिवाळ्यात केदारनाथांची पूजा याच गावातील ओंकारेश्वर मंदिरात होते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, आपल्याकडे गौरीची पाठवणी होते त्याच दिवसांत, केदारनाथांची उत्सवडोली तेथून निघते आणि वाटेतील मुक्काम करीत बर्फातल्या आपल्या घरी चढू लागते.