कवळी बसत नाही, पण दोष दरवेळी कवळीचाच असतो का?

अनेक घरांत एक कवळी अशी असते जी तोंडात कमी आणि वाटीत जास्त असते. लग्नकार्याला, फोटोपुरती ती बाहेर निघते. जेवायला बसलं की आजोबा ती काढून ठेवतात आणि भाकरी दुधात कुस्करून खातात. ‘माप नीट घेतलं नाही’ म्हणून घरचे डॉक्टर बदलतात. दुसरी कवळी होते, तीही टोचते. मग ‘वय झालं की असंच असतं’ म्हणून विषय संपतो.

माप चुकतंही, नाही असं नाही. पण कितीतरी वेळा दोष कवळीत नसतो, ती जिथे बसते त्या जागेत असतो. जमीन ओबडधोबड असेल तर फरशी कितीही महागाची आणा, ती डुगडुगणारच. म्हणून काही जणांच्या बाबतीत माप घेण्याआधी तोंडात छोटीशी शस्त्रक्रिया करून ती जागा तयार करावी लागते. अडचण एवढीच की, असं काही असतं हे बहुतेकांना कवळी टोचायला लागल्यावर कळतं.

कवळी टिकते तरी कशावर?

सगळे दात गेले की जबड्यावर हिरडीने झाकलेला हाडाचा एक उंचवटा उरतो. शेताच्या बांधासारखा. पूर्ण कवळी या बांधावर बसते. वरची कवळी टाळूही झाकते. तिच्याखाली लाळेचा पातळ थर तयार होतो आणि कडा सगळीकडून नीट टेकल्या की ती चिकटून राहते. दोन ओल्या काचा एकमेकींना कशा धरून ठेवतात, तसंच.

खालच्या कवळीचं नशीब एवढं चांगलं नसतं. ती घोड्याच्या नालेच्या आकाराची. मधे जीभ, ती गप्प बसणार नाही. बाहेरून गाल आणि ओठ ढकलत असतात. चिकटायला जागाच कमी. त्यामुळे तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं बोट बहुतेक वेळा खालच्या जबड्याकडे जातं.

त्यात हा बांधही कायम राहत नाही. जबड्याचा तो भाग असतो दातांना धरून ठेवण्यासाठी. दात गेले की त्याचं काम संपतं आणि हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षभरात झीज जास्त असते, नंतर वेग मंदावतो, पण ती थांबत नाही. अँटये टॅलग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचे एक्स-रे तब्बल २५ वर्षांपर्यंत तपासले आणि १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. पुढच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट निघाली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी झकास बसणारी कवळी आज का खडखडते, याचं उत्तर यात आहे. कवळी तीच आहे, तिच्याखालचं तोंड बदललंय.

मग शस्त्रक्रिया नेमकी कसली?

सगळ्यात जास्त केली जाते ती हाडाच्या कडा गुळगुळीत करण्याची. दात काढल्यावर त्या खड्ड्यांच्या कडा कधीकधी धारदार राहतात. हिरडीवरून बोट फिरवलं तर खाली करवतीसारखं लागतं. आता वरून कवळी दाबणार, खालून हाड टोचणार आणि मधे बिचारी हिरडी चिरडणार. अशा वेळी जागा बधिर करून हिरडी थोडी बाजूला सारतात, हाडाची टोकं खास पक्कडीने काढतात, बारीक कानशीने घासतात आणि टाके घालतात. बरेच दात एकदम काढायचे असतील तर हे काम त्याच बैठकीत होऊ शकतं. म्हणून शेवटचे दात काढायला जातानाच ‘पुढे कवळी बसवायची आहे’ हे सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर तीच हिरडी पुन्हा उघडावी लागते.

यात मेख एक आहे. कापलेलं हाड परत येत नाही आणि बांध तर आपोआपच झिजणार आहे. त्यामुळे ‘एकदम सपाट करून टाका’ हा आग्रह चुकीचा. चांगला सर्जन टोचणारं तेवढंच काढतो.

काही जणांच्या टाळूच्या मधोमध, किंवा खालच्या जबड्याला आतून जिभेच्या बाजूला, हाडाचे टणक गोळे असतात. ही गाठ कॅन्सरची नसते, दुखत नाही. दात शाबूत असतील तर माणसाला आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. कवळी आली की मात्र तीच गाठ आडवी येते. टाळूवरच्या गोळ्यावर कवळी तराजूच्या दांडीसारखी झुलते. गोळा लहान असेल तर कवळीतच जागा सोडता येते, मोठा असेल तर तो काढावा लागतो.

आता आरशासमोर उभं राहून वरचा ओठ उचला. ओठ आणि हिरडी जोडणारी मधली पातळ पट्टी दिसेल. हाड झिजत गेलं की ही पट्टी बांधाच्या माथ्याजवळ येते. मग माणूस हसला की पट्टी ओढली जाते आणि कवळी उचकटते. चारचौघांत जोरात हसायचं टाळणारे आजोबा स्वभावाने गंभीर असतीलच असं नाही! ही पट्टी सोडवणं काही मिनिटांचं काम असतं.

ढिली कवळी वर्षानुवर्षं तशीच वापरली तर आणखी एक भानगड होते. तिची कड रोज एकाच जागी घासते आणि तिथे मांसाच्या घड्या वाढतात. इथे लगेच कात्री लावायची नसते. आधी काही आठवडे कवळी बंद ठेवतात किंवा आतून मऊ अस्तर लावतात. सूज उतरली की घड्या आकसतात. जेवढं उरतं तेवढं कापतात आणि तो तुकडा तपासणीला पाठवतात. तपासणीचा खर्च वाचवायच्या फंदात कुणी पडू नये.

हिरडीत राहून गेलेली दातांची मुळं हे जुनंच दुखणं. आणि त्याचा संबंध थेट भुलेच्या इतिहासाशी आहे.

कवळी विकण्यासाठी भूल शोधली!

विल्यम मॉर्टन हा अमेरिकेतल्या बोस्टनमधला दंतवैद्य. त्याच्या पद्धतीच्या कवळ्या बसवायच्या तर आधी तुटक्या दातांची मुळं उपटावी लागत. भूल नव्हती, त्यामुळे दुखण्याच्या भीतीने गिऱ्हाईक पळून जाई. दुखू न देता मुळं कशी काढायची, या धंद्याच्या प्रश्नाने त्याला ईथरपर्यंत नेलं. ३० सप्टेंबर १८४६ रोजी त्याने ईथर हुंगवून एकाचा दात दुखू न देता काढला. लगोलग १६ ऑक्टोबरला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सगळ्यांसमोर प्रयोग झाला. रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली जात असताना ईथर दिलं मॉर्टनने. ईथर त्याच्याआधीही काहींनी वापरलं होतं, पण जगभर बातमी गेली ती या दिवसानंतर. म्हणजे तोंड कवळीसाठी तयार करण्याच्या खटपटीचा उपकार सगळ्या शस्त्रक्रियांवर आहे.

आज या कामांसाठी बहुतेक वेळा फक्त ती जागा बधिर करणारं इंजेक्शन पुरतं. रुग्ण जागा असतो आणि त्याच दिवशी घरी जातो. पहिला दिवस बाहेरून बर्फ, मऊ आणि कोमट खाणं, जोरात थुंकायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. टाके साधारण आठवड्याने निघतात. हिरडी भरून यायला चार ते सहा आठवडे जातात, माप घ्यायचं ते त्यानंतर. मोठं काम असेल तर जास्त थांबावं लागतं. ‘मुलीचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे’ म्हणून घाई केली, तर ओल्या भिंतीला रंग दिल्यासारखं होतं. अगदीच नड असेल तर लगेच घालायची तात्पुरती कवळी मिळते, पण तिचं अस्तर पुढे बदलावं लागतं हे आधीच धरून चालायचं.

डॉक्टरांपासून काय लपवायचं नाही?

गोळ्यांची पिशवी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती मनाने बंद करू नका. दातासाठी म्हणून बंद केलेली गोळी हृदयाला किंवा मेंदूला महागात पडू शकते. शुगर हाताबाहेर असेल तर जखम चिघळते, ती आधी आटोक्यात आणावी लागते.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड. वर्षातून एकदाच घेतलेलं इंजेक्शन आजीच्या लक्षात कुठून राहणार? पण अशा औषधांनंतर जबड्याचं हाड कापलं तर काही रुग्णांत ते भरूनच येत नाही, उघडं पडतं आणि कुजतं. कॅन्सरसाठी मोठ्या डोसमध्ये ही औषधं घेणाऱ्यांना धोका बराच जास्त असतो. तोंडाला किंवा मानेला रेडिएशन झालेल्यांचंही तसंच. यांना नाही म्हणतातच असं नाही, पण सर्जनला आधी कळलं पाहिजे.

तंबाखूचं प्रकरण वेगळं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी गुटखा-सुपारीने आखडलेली तोंडं दवाखान्यांत दिसतातच. दोन बोटंही शिरत नाहीत अशा तोंडात मापाचा साचा जाणार कसा? तिथे आधी तोंड उघडण्याचा उपचार करावा लागतो. खेड्यांत मिशरी लावणाऱ्या बायका तोंडातल्या जखमेचं खापर कवळीवर फोडतात. कवळी काढून ठेवल्यावरही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती कवळीची समजून वाट बघत बसू नये.

शस्त्रक्रिया हाच एक मार्ग आहे का?

नाही. बऱ्याच जणांना तिची गरजही पडत नाही. पूर्वी हाड फार झिजलं की गालाच्या आतली खोबण खोल करून कवळीला जागा काढून देत. दुखणं मोठं, फायदा बेताचा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि चित्र बदलत गेलं. २००२ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर सांगितलं की, खालच्या जबड्यात दात नसतील तर दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हाच पहिला पर्याय मानावा. बटणासारखी टच्चकन बसते, रात्री काढता येते. अडतं ते पैशाशी. त्यामुळे आपल्याकडे साधी कवळी इतक्यात जात नाही.

खर्चाचाच प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. कवळी करणारे आणि जबड्याची शस्त्रक्रिया करणारे असे दोन्ही विभाग तिथे एकाच आवारात असतात. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही आहे. कुठेही गेलात तरी माप द्यायच्या आधी डॉक्टरांना हिरडीवरून बोट फिरवून बघायला सांगा, आणि गरज वाटली तर एक्स-रे काढून घ्या. एखादं विसरलेलं मूळ त्यातच सापडतं.