मुंबईचा कार-टी उपचार यवतमाळपर्यंत कधी पोहोचणार?

यवतमाळच्या वस्त्यांत आरोग्याचे काम करताना आम्हाला हल्ली विचारले जाते, "मुंबईत रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सर बरा करतात म्हणे, खरं काय?" बातमी खरी आहे, पण आपल्यापर्यंत अर्धीच पोहोचली आहे.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून 'नेक्सकार-१९' ही कार-टी उपचारपद्धती तयार झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. केमोथेरपीनंतरही उलटलेल्या किंवा केमोला दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी ती आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, काढून घेतात. प्रयोगशाळेत त्यांत नवे जनुक घालतात. मग त्या 'सीडी-१९' ही खूण असलेल्या पेशी ओळखून मारतात. त्या वाढवून पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात.

मान्यतेआधी ६४ रुग्णांवर चाचणी झाली. तपासता आलेल्या ५१ पैकी ७३ टक्के रुग्णांत कॅन्सर कमी झाला किंवा दिसेनासा झाला. पण असा गुण आलेल्या लिम्फोमाच्या निम्म्या रुग्णांत तो सुमारे ४ महिनेच टिकला. उपचारामुळे दोघांचा मृत्यूही झाला. म्हणून गुण येणे म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे, हे समजून घ्या.

अशा चाचणीत कुणाला सहभागी व्हायचे असेल, तर आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे, नकार देणे आणि मधूनच बाहेर पडणे हा रुग्णाचा हक्क आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. न वाचता अंगठा देऊ नका.

मान्यता मिळाली त्या सुमारास चाचणीबाहेर हा उपचार घ्यायचा तर खर्च सुमारे ४० लाख रुपये होता. परदेशाच्या मानाने तो सुमारे दहावा हिस्सा होता, पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे. शेतमजुराने उरलेले पैसे आणायचे कुठून? जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांत घडलेले हे संशोधन जनतेलाच परवडायला हवे. ही मागणी आपण संघटितपणे लावून धरली पाहिजे.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. मान, काख किंवा जांघेतली गाठ काही आठवड्यांत उतरली नाही, तर अंगारे-धुपारे करत बसू नका. गाठ टीबीची समजून औषध सुरू असेल आणि फरक पडत नसेल, तर डॉक्टरांकडे गाठीचा तुकडा तपासण्याचा आग्रह धरा. अनेक लिम्फोमा वेळेत सापडले तर साध्या केमोनेही बरे होतात.