उरलेले पाच टक्के

किरणोपचारात दिला जाणारा क्ष-किरणांचा डोस डोळ्यांना दिसत नाही, देताना जाणवत नाही आणि एकदा दिल्यावर परत घेता येत नाही. त्यामुळे त्याची खातरजमा उपचाराच्या आधी, रुग्णाच्या जागी ठेवलेल्या प्लास्टिकवर करावी लागते. या कामाचे दोन थर आहेत. यंत्र ठरलेल्या मर्यादेत चालते की नाही हे रोज, दरमहा आणि दरवर्षी तपासणे ही गुणवत्ता-हमी, म्हणजे किरणोपचार विभागाच्या बोलीत ‘क्यूए’. आणि संगणकाने एका विशिष्ट रुग्णासाठी आखलेला प्लॅन त्या यंत्रातून खरोखर तसाच उतरतो याचा मोजून पुरावा मिळवणे हे व्हॅलिडेशन. पहिल्याचे वेळापत्रक भिंतीवर टांगता येते. दुसऱ्याला दर वेळी नवा प्रश्न असतो.

पुण्यातील एका रुग्णालयाच्या तळघरात हे दुसरे काम शेवटचा रुग्ण गेल्यावरच सुरू होते, कारण लिनॅक, म्हणजे रेषीय त्वरक, दिवसभर रुग्णांसाठी राखून ठेवलेला असतो आणि मोजमापाचा वेळ हा उत्पन्नाचा वेळ धरला जात नाही. सकाळचे सोपस्कार, म्हणजे लेझर, दारांचे इंटरलॉक आणि डोसची तीन टक्क्यांच्या आतली दैनिक तपासणी, तंत्रज्ञ उरकून घेतात. संध्याकाळी मात्र मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, एकटी टेबलावर फँटम रचते. शरीरातील पाण्याप्रमाणे किरण शोषणाऱ्या प्लास्टिकच्या या पाट्या एकावर एक ठेवताना प्रत्येक पाटी ती तळव्याने दाबून पाहते, कारण मध्ये राहिलेला हवेचा पातळ थरही नोंद बिघडवू शकतो.

पाट्यांमध्ये सरकवलेले आयन चेंबर किरणांमुळे हवेत निर्माण होणारा विद्युतभार मोजते. त्याची पोकळी बाहेरच्या हवेला उघडी असल्याने तिच्यात हवा किती आहे हे तापमानावर आणि दाबावर ठरते, आणि म्हणून प्रत्येक नोंदीला त्या दोहोंची दुरुस्ती लावावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथला प्रत्यक्ष दाब किनाऱ्यावरच्या मानाने साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो. मोबाईलवरचे हवामानाचे अ‍ॅप मात्र बहुधा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब दाखवते. एखाद्याने घाईत तोच आकडा भरला, तर यंत्र आहे त्यापेक्षा सहा टक्के कमी डोस देत असल्याचे दिसेल, ते ‘सुधारून’ वाढवले जाईल आणि पुढच्या प्रत्येक रुग्णाला ती वाढ मुकाट्याने मिळत राहील. म्हणूनच खोलीतला बॅरोमीटर ती स्वतः वाचते आणि आकडा मोठ्याने उच्चारून मगच लिहिते. या सवयीकडे वेळखाऊपणा म्हणून पाहणाऱ्यांनी त्या सहा टक्क्यांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

त्यानंतर शेकडो लहान शोधक बसवलेला अ‍ॅरे ठेवून रुग्णाचा प्लॅन चालवला जातो. घसा, जीभ किंवा गालाच्या कर्करोगासाठी आयएमआरटी ही पद्धत वापरतात. तिच्यात टंगस्टनच्या सरकत्या पट्ट्या किरणांची तीव्रता जागोजागी बदलतात, जेणेकरून गाठीला पूर्ण डोस मिळावा आणि लाळग्रंथी व मज्जारज्जू वाचावेत. मोजलेला नकाशा आणि आखलेला नकाशा यांची तुलना ‘गॅमा’ या निकषाने होते: डोसातला तीन टक्क्यांचा फरक आणि जागेतला दोन मिलिमीटरचा फरक यांचा एकत्रित विचार करून प्रत्येक बिंदू पास किंवा नापास ठरतो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एएपीएमने, २०१८ मध्ये ९५ टक्के बिंदू पास व्हावेत अशी शिफारस केली, आणि तळघरातल्या प्रत्येक संभाषणात तोच आकडा फिरून येतो. ९५ आले का? ९५ आले की फाइल पुढे जाते.

भौतिकतज्ज्ञाचा डोळा मात्र उरलेल्या पाचांवर असतो. पडद्यावर लाल दिसणारे हे बिंदू विखुरलेले असतील तर ती पुढे सरकते. मज्जारज्जूच्या कडेला ते एकत्र जमले असतील तर टक्केवारी ९६ असली तरी थांबते. या थांबण्याला शास्त्रीय आधार आहे. बेंजामिन नेल्म्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की गॅमाची टक्केवारी आणि रुग्णाच्या अवयवांना मिळणाऱ्या डोसातली प्रत्यक्ष चूक यांचा संबंध क्षीण आहे. त्याआधी २००८ मध्ये ह्यूस्टनहून प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अधिक बोचरे होते: डोके-मानेच्या आकाराचे फँटम टपालाने पाठवून संस्थांचे आयएमआरटी तपासले असता सात टक्के आणि चार मिलिमीटर इतकी सैल मर्यादा असूनही चारांपैकी एकाहून अधिक प्रयत्न नापास ठरले. आपल्याच मापाने आपलेच काम मोजल्यावर येणारे ९५ किती विश्वासार्ह, हा प्रश्न त्यातून उरतोच. भाभा अणुसंशोधन केंद्र देशातील रुग्णालयांकडे डोसमापके पाठवून जी बाह्य तपासणी करते तिचे मोल यातच आहे.

उपचाराची पद्धत बदलली की पुराव्याचे स्वरूपही बदलते. कोबाल्ट यंत्रातला किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० दरमहा सुमारे एक टक्क्याने क्षीण होतो, त्यामुळे तिथे आकडेमोडीवर विसंबण्याचा मोह मोठा असतो. ओहायोतील कोलंबस येथे १९७४ ते १९७६ या काळात क्षयाचा आलेख चुकीचा काढला गेला, बावीस महिने कोणीही प्रत्यक्ष मोजले नाही आणि ४२६ रुग्णांना जादा डोस मिळाला. प्रोटॉन उपचारात किरण कुठल्या खोलीवर थांबणार हे वाटेतल्या ऊतींवर अवलंबून असल्याने एकजिनसी प्लास्टिकवरचा निकाल अर्धीच गोष्ट सांगतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी इरिडियमचा कण नळ्यांतून आत पाठवणाऱ्या ब्रॅकिथेरपीत तर संध्याकाळच उपलब्ध नसते: नळ्या बसवलेली बाई टेबलावर वेदनेत वाट पाहत असतानाच प्लॅन तयार होतो, आणि तो फँटमवर चालवून पाहण्याऐवजी दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्र गणित करून ताडून पाहणे एवढेच हाती राहते.

आयएमआरटीच्या रुग्णाबाबतही फँटमवर मिळालेला पुरावा पहिल्या दिवसापुरता पक्का असतो. सहा-सात आठवड्यांच्या उपचारात तोंडातल्या जखमांमुळे जेवण तुटते, वजन उतरते, गाठ आक्रसते आणि चेहऱ्याच्या मापाने घडवलेला मास्क सैल होतो. प्लास्टिकच्या पाट्या मात्र तशाच राहतात. मास्क सैल झाल्याचे बहुतेक वेळा तंत्रज्ञाच्या बोटांना आधी कळते, आणि मग नवे सीटी स्कॅन, नवा प्लॅन व नवे मोजमाप हे चक्र पुन्हा फिरवावे लागते. ते फिरवायचे की नाही याचा निर्णय गर्दीच्या विभागात नेहमी निव्वळ वैद्यकीय कारणांवर होतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

लाल बिंदू एकत्र जमलेल्या ९६ टक्क्यांच्या अशाच एका फाइलीवर भौतिकतज्ज्ञाने सही केली नाही. प्लॅन नव्याने आखण्यासाठी डॉक्टरांकडे परत गेला, रुग्णाचा पहिला शेक एक दिवस पुढे ढकलला गेला आणि विभागाच्या नोंदवहीत विलंबाचे कारण म्हणून ‘तांत्रिक’ एवढाच शब्द पडला.