संकेतस्थळालाही निघंटू हवा

मालेगावात चिकित्सा करीत असताना आलेल्या एका अनुभवाने प्रस्तुत लेखास प्रवृत्त केले. सटाणा भागातील एक मधुमेही गृहस्थ पायाची जखम घेऊन आले. नेहमीच्या गोळ्या त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या. मुलाने मोबाईलवर आयुर्वेदिक औषध शोधले, साखर मुळापासून बरी करण्याचे आश्वासन देणारे एक पान उघडले आणि कुरियरने डबा मागविला. “मालेगावात इतके वैद्य असताना एकालाही विचारावेसे वाटले नाही का?” असे मी विचारले. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, शोधलं होतं. तुमचं नावच आलं नाही.”

माझे संकेतस्थळ त्या वेळी दीड वर्षाचे होते.

रुग्णास त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठविले. पुढे जखम भरून आली. मुलाचे ते वाक्य मात्र मनातून गेले नाही. आपण अनुपस्थित असलो म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. तेथे दुसरा कोणी येऊन बसतो आणि अपयश मात्र आयुर्वेदाच्या नावे जमा होते.

निदान

शोधयंत्राचे कार्य तीन टप्प्यांत चालते. ते प्रथम दुव्यांवरून फिरत पाने गोळा करते, नंतर त्यांतील शब्दांची सूची करते आणि कोणी शोध घेतला की त्या सूचीतून योग्य वाटणारी पाने क्रमाने मांडते. माझ्या संकेतस्थळाची चिकित्सा केली असता तीन हेतू आढळले.

पहिला हेतू म्हणजे, काम सुरू असताना शोधयंत्रास मज्जाव करणारी जी सूचना घातली होती, ती काढावयाची राहून गेली होती. दार आतून बंद आणि बाहेर फलक, अशी ती अवस्था होती. दुसरा हेतू असा की, निम्मा मजकूर जुन्या माहितीपत्रकाचे छायाचित्र म्हणून लावला होता. तिसरा हेतू आपल्यापैकी अनेकांचा असेल. छपाईसाठी वापरावयाच्या जुन्या मराठी फाँटमधील मजकूर तसाच चढविला होता. अशा फाँटमध्ये पडद्यावर ‘गुडघा’ दिसतो, परंतु आत साठविलेली असतात रोमन अक्षरे व चिन्हे. यंत्रास तेथे मराठीचा एकही शब्द आढळत नाही. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. जुना मजकूर त्यात रूपांतरित करून घ्यावा व नंतर स्वतः वाचावा. रफार व जोडाक्षरे हमखास बिघडतात.

ज्ञान असणे व ज्ञान सापडणे

जखम भरण्यासाठी हळदीच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्यास आव्हान दिले, संस्कृत, उर्दू व हिंदीतील संदर्भांसह ३२ पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ज्ञान आपल्याकडे शतकानुशतके होते. परीक्षकाच्या शोधात ते येत नव्हते. म्हणूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम हाती घेण्यात आले आणि आपले योग परीक्षकांस कळतील अशा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत मांडले गेले. शोधणाऱ्याच्या भाषेत नोंद नसेल तर असलेले ज्ञानही नसल्यासारखेच, हा त्यातील धडा आपल्या छोट्या संकेतस्थळासही लागू पडतो.

आणि हा विचार आपणांस परका नाही. भावप्रकाशात गुडूचीस अमृता, छिन्नरुहा, मधुपर्णी, वत्सादनी असे अनेक पर्याय दिले आहेत. रानातला माणूस तिला गुळवेल म्हणतो. कोणत्याही नावाने विचारणा झाली तरी द्रव्य हाती यावे, हाच पर्यायांचा एक लाभ. संकेतस्थळासही असाच, परंतु रुग्णाच्या शब्दांचा, निघंटू हवा.

माझ्या पानावर ‘गृध्रसी’ होते. यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा कामगार गृध्रसी शोधत नाही. तो ‘सायटिका’, ‘नस दबली’, ‘कंबरेतून पायात कळ’, ‘कमर का दर्द’ असे शोधतो. अनेकदा रोमन लिपीत, कधी उर्दूत, तर कधी नुसते बोलून. मी महिनाभर प्रश्नपरीक्षेच्या वेळी रुग्णांचे शब्द वहीत जसेच्या तसे टिपले. ती वही कोणत्याही संगणकतज्ज्ञाच्या सल्ल्याहून अधिक उपयोगी ठरली.

चिकित्साक्रम

१. एका पानावर एकच विषय असावा. रुग्णाचा शब्द शीर्षकात व पहिल्या परिच्छेदात, शास्त्रीय संज्ञा त्यानंतर.

२. प्रत्येक पानास स्वतंत्र पृष्ठशीर्षक द्यावे. ‘मुखपृष्ठ’ या शीर्षकाने कोणासच काही कळत नाही. ‘पंचकर्म चिकित्सा, मालेगाव’ यातून व्यवसाय व गाव दोन्ही कळतात.

३. नाव, पत्ता, दूरध्वनी व वेळ सर्वत्र एकसारखी असावी. गुगलच्या नकाशावर विनामूल्य नोंद करून तेथेही तीच माहिती द्यावी.

४. लेखक वैद्याचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक लिहावा. आरोग्यविषयक पानांच्या बाबतीत विश्वासार्हतेस गुगल अधिक महत्त्व देते.

५. औषधी विक्रेत्यांनी प्रत्येक कल्पाचे घटक, प्रमाण, निर्माता व परवाना क्रमांक मजकुरात लिहावा. केवळ डब्याचे छायाचित्र पुरेसे नाही. छायाचित्रामागे वर्णन भरावे व ते वजनाने हलके असावे, कारण बहुतेक ग्राहक मोबाईलवरूनच पाहतात.

६. ‘सर्च कन्सोल’ या गुगलच्या विनामूल्य साधनात संकेतस्थळ नोंदवून पानांची यादी सादर करावी. कोणती पाने सूचीत आली आणि लोक कोणत्या शब्दांनी आले, हे तेथे दिसते.

अपथ्य

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत रोगांची नावे दडविणे, एकच शब्द पन्नास वेळा लिहिणे, दुवे विकत घेणे या क्लृप्त्या उलटतात. पानामागील कीवर्डच्या यादीचा क्रमवारीसाठी उपयोग करीत नसल्याचे गुगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. त्यासाठी पैसे मोजू नयेत.

याहून मोठे अपथ्य कायद्याचे आहे. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, स्थौल्य, पक्षाघात, रक्तदाब आदी व्याधी आहेत. या व्याधी बऱ्या करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात निषिद्ध आहे आणि संकेतस्थळ त्यास अपवाद नाही. सर्वाधिक शोधले जाणारे शब्द नेमके हेच असल्याने मोह होतो. मी मधुमेहाचे पान लिहिले, पण त्यात औषधाचे नाव नाही. पायाची निगा, आहार, विहार आणि ठळक अक्षरांत एक वाक्य आहे: सुरू असलेली औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय थांबवू नयेत.

उपशय

फळ सावकाश मिळते. पाने सूचीत येण्यास काही आठवडे आणि वर येण्यास काही महिने लागले. २०२४ पासून गुगल अनेक प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर पानाच्या माथ्यावर देऊ लागले आहे. त्यामुळे पान न उघडताच वाचक परत फिरतो, हेही खरे. तरीही ते उत्तर कोणाच्या तरी लिखाणावरूनच तयार होते. ते लिखाण नोंदणीकृत वैद्याचे असावे की डबा विकणाऱ्याचे, हे आपल्या हाती आहे.

मध्यंतरी एक वृद्ध बाई नातवासह आल्या. नातवाने मोबाईल पुढे केला. पडद्यावर माझेच मधुमेहाचे पान होते. बाई म्हणाल्या, “यात लिहिलंय गोळ्या बंद करू नका, म्हणून विचारायला आले.”